कानात सांगितलेला भाव

वस्तूची किंमत सर्वांना एकच असावी, की माणूस पाहून ती ठरावी, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. धर्मशास्त्रकारांनी, राजनीतिकारांनी आणि तत्त्वज्ञांनी आपापल्या काळी त्यावर विचार केला. आणि प्रत्येक पिढीच्या दुकानदाराने, एकही ग्रंथ न वाचता, गल्ल्यावर बसून त्याचे काही ना काही उत्तर दिलेच. मधल्या काळात हा प्रश्न निकालात निघाल्यासारखा वाटत होता. पाकिटावर छापील किंमत आली, दुकानांतून 'एकच भाव' अशा पाट्या लागल्या, आणि घासाघीस ही आता भाजीमंडईपुरती उरली आहे अशी आपली समजूत झाली. परंतु संगणकाच्या आणि मोबाईलच्या पडद्यावर बाजार भरू लागल्यापासून हाच प्रश्न वेषांतर करून पुन्हा आपल्या दारी उभा आहे. त्याचे एक लहानसे, वरकरणी अगदी निरुपद्रवी दिसणारे रूप आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत. ऑनलाइन विक्री करताना, ज्याने वस्तू पाहिली पण घेतली नाही, अशा संभाव्य ग्राहकाला सवलतीचा खास प्रस्ताव धाडणे योग्य आहे काय?

या व्यवहाराची रीत प्रथम समजून घेऊ. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेले ईबे किंवा २००५ साली सुरू झालेले एट्सी यांसारख्या संकेतस्थळांवर कोणीही गृहस्थ आपली वस्तू विकावयास मांडू शकतो. ती पाहणाऱ्यांपैकी काही जण तिच्यावर खूण करून ठेवतात, काही जण ती टोपलीत टाकतात आणि पैसे न भरताच निघून जातात. विक्रेत्याला अशा मंडळींकडे मूळ किमतीपेक्षा कमी किमतीचा प्रस्ताव पाठविण्याची सोय असते. प्रस्तावाला मुदत असते. ज्याला तो आला त्यालाच तो दिसतो. इतरांना वस्तूची जुनीच किंमत दिसत राहते. ईबेचे भारतातील संकेतस्थळ २०१८ साली बंद झाले, तरी ही रीत काही बंद झाली नाही. 'तुमची टोपली तुमची वाट पाहत आहे, केवळ तुमच्यासाठी इतके टक्के सूट' अशा आशयाचे निरोप आज आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलवर येऊन पडतात.

हे प्रकरण दूरच्या देशाचे किंवा केवळ व्यापारी लोकांचे आहे, असे मात्र कोणी समजू नये. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपली जुनी घरे एकामागून एक रिकामी होत आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी गेली. वाड्याच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. त्या सदनिकेत शिसवी पलंग मावत नाही. पितळेचे घंगाळ, तांब्याचा बंब, चौरंग, झोपाळ्याच्या कड्या या गोष्टी भंगारवाल्याच्या हाती देववत नाहीत, आणि नात्यात त्या घेण्यास कोणी तयार नसते. अशा वेळी घरातला एखादा नातू त्यांची छायाचित्रे काढतो आणि त्या ऑनलाइन विक्रीस मांडतो. म्हणजे ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी, वकिली, शिक्षकी केली आणि तराजूला कधी हात लावला नाही, ती घरेही आता विक्रेत्याच्या जागी बसू लागली आहेत. ज्या जागी माणूस बसतो, त्या जागेचा धर्म त्याला समजून घ्यावाच लागतो.

एक उदाहरण कल्पू. एका घरातील सहा एकसारख्या शिसवी खुर्च्या प्रत्येकी ४,००० रुपयांना विक्रीस मांडल्या. त्याच गावातील एक जुने परिचित गृहस्थ दुसऱ्याच दिवशी आले. एका अक्षराचीही घासाघीस न करता त्यांनी सांगितली ती किंमत मोजली आणि दोन खुर्च्या नेल्या. उरलेल्या चार खुर्च्यांवर नऊ जणांनी खूण करून ठेवली, पण घेतले कोणीच नाही. आठवड्याने नातवाने त्या नऊ जणांना ३,००० रुपयांचा प्रस्ताव धाडला आणि दोन दिवसांत चारही खुर्च्या गेल्या. नातवाच्या मते व्यवहार चोख झाला. आजोबांच्या मनात मात्र एकच प्रश्न घोळत राहिला: ते गृहस्थ उद्या देवळात भेटले, तर त्यांना काय सांगावयाचे?

नातू चुकला, की आजोबा जुन्या काळात अडकले? आमच्या मते यांपैकी कोणतेही उत्तर घाईने देण्यासारखे नाही.

प्रथम नातवाची बाजू पाहू, कारण ती दुबळी नाही. घासाघीस हे पाप आहे असे आपल्या बाजाराने कधीच मानलेले नाही. दुकानदाराने चढा भाव सांगावा, गिऱ्हाइकाने तो ऐकून पाठ फिरवावी, दोन पायऱ्या उतरून जाताच मागून हाक यावी, आणि मधल्या कोठल्या तरी आकड्यावर दोघांचे जमावे, ही रीत आपल्या आज्यांना तोंडपाठ होती. साडी आवडली तरी डोळ्यांत आवड दिसू देऊ नये, असे त्या सुनांना बजावीत. दिवसाच्या पहिल्या भवानीला दुकानदार भाव सोडतो, हेही सर्वांना ठाऊक असे. नातू म्हणेल, मी पाठविलेला प्रस्ताव म्हणजे पायऱ्या उतरून गेलेल्या गिऱ्हाइकाला मारलेली तीच हाक नव्हे काय? ती हाक प्रामाणिक होती तर हा प्रस्ताव अप्रामाणिक कसा?

त्याचे दुसरे म्हणणे असे की, कोणावरही जुलूम झालेला नाही. पहिल्या गृहस्थांनी ४,००० रुपये राजीखुशीने दिले. त्यांना तेव्हा खुर्ची त्या किमतीची वाटली म्हणूनच दिले. नंतरच्या चौघांना ती ३,००० ला मिळाली, म्हणून पहिल्यांच्या खुर्च्यांचे पाय काही आखूड झाले नाहीत. शिवाय सवलतीमुळेच कदाचित एखाद्या बेताच्या मिळकतीच्या घरी चांगले शिसव गेले असेल. अर्थशास्त्रानेही या गोष्टीची दखल घेतलेली आहे. एकाच वस्तूला निरनिराळ्या ग्राहकांकडून निरनिराळी किंमत घेण्याच्या प्रकारांची वर्गवारी आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली, आणि भेदभावाच्या किमतीमुळे कधी कधी अधिक लोकांपर्यंत वस्तू पोहोचते, हे अर्थशास्त्रज्ञ मान्य करतात.

आता दुसरी बाजू. 'एकच भाव' ही कल्पना आपण समजतो तशी केवळ आधुनिक दुकानदारीची सोय नाही. तिच्या मुळाशी एक नैतिक आग्रह होता. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या शिकवणुकीने निघालेल्या क्वेकर पंथीयांनी घासाघीस सोडून दिली. घ्यावयाचा एक भाव मनात ठेवून तोंडाने दुसरा सांगणे म्हणजे उघड असत्य, अशी त्यांची धारणा होती. प्रथम त्यांचा धंदा बसला. पुढे त्यांच्या दुकानी लहान मूल पाठविले तरी फसवणूक होत नाही असा लौकिक झाला आणि गिऱ्हाईक तिकडेच लोटू लागले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे बाँ मार्शे, न्यूयॉर्कचे स्टुअर्ट यांचे दुकान, फिलाडेल्फियाचे वानामेकर यांचे दुकान, यांनी किमतीची चिठ्ठी वस्तूला लावून तीच रीत मोठ्या व्यापारात रुजविली.

हेच लहान मूल जर्मन तत्त्वज्ञ कांट यांच्या १७८५ सालच्या नीतिमीमांसेत पुन्हा भेटते. कांट अशा एका दुकानदाराचे उदाहरण देतात, जो अजाण गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घेत नाही. त्याचा भाव सर्वांना सारखा असल्याने मूलही त्याच्याकडे कोणाही इतक्याच निर्धास्तपणे खरेदी करू शकते. परंतु कांट तेथेच थांबत नाहीत. ते विचारतात, हा दुकानदार कर्तव्यबुद्धीने असे वागतो, की नाव राखल्याने धंदा वाढतो म्हणून? कृती योग्य असूनही तिच्यामागे हिशेब असू शकतो, हे त्यांना दाखवावयाचे आहे. आपल्या प्रश्नाला हा मुद्दा उलट बाजूनेही लागू पडतो. सारखा भाव म्हणजे आपोआप सद्‌गुण नव्हे, हे खरे असेल, तर निराळा भाव म्हणजे आपोआप दुर्गुण, असेही म्हणता येणार नाही. भाव निराळा कोणत्या कारणाने झाला, हे पाहावे लागेल.

आपल्या परंपरेत याविषयी एक सुंदर आख्यान आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी येतो. तो इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले. त्याचा त्याला अभिमान झाला. तेव्हा काशीतील तुलाधार नावाच्या वाण्याची बरोबरी तुला येणार नाही, असे त्याच्या कानी आले, आणि तो त्या वाण्याकडे धर्म शिकण्यास गेला. तुलाधाराने त्याला सांगितलेल्या धर्माचे सार असे की, आपला तराजू सर्व भूतांच्या ठायी सारखा आहे. एका तपस्व्याला धर्म शिकविण्यासाठी व्यासांनी दुकानदार निवडला, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे. दिवसातून शंभर वेळा ज्याच्यापुढे दुसऱ्याची गरज आणि आपला लाभ समोरासमोर उभे राहतात, त्याच्या इतकी धर्माची परीक्षा अरण्यातल्या माणसाची होत नसते.

परंतु सारखा तराजू म्हणजे सारखी किंमत, इतका सोपा अर्थ आम्ही घेत नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या कारणाने दिलेली सवलत आपण कधीच अन्याय्य मानली नाही. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात सूट मिळत असे. साठ वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के. मार्च २०२० मध्ये ती थांबविण्यात आली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना तिची उणीव जाणवली. ती सूट असताना शेजारच्या आसनावरील तरुणाने पूर्ण भाडे भरूनही कधी तक्रार केली नाही. कारण नियम उघड होता, त्याचे कारण उघड होते, आणि आपणही एक दिवस त्या वयाचे होऊ हे त्याला कळत होते. विद्यार्थ्याला सवलतीत मिळणारे पुस्तक, वाचनालयाला मिळणारी सूट, यांचेही तसेच. म्हणजे भाव निराळा असणे हा दोष नाही. दोष असेल तर तो भाव लपविण्यात आणि तो निराळा ठरविण्याच्या कारणात असला पाहिजे.

प्रथम लपविण्याचा विचार करू. आपल्याकडील धान्याच्या, कापसाच्या आणि गुरांच्या बाजारांत 'हत्ता' नावाची एक पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचे हात उपरण्याखाली किंवा रुमालाखाली धरीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा. पण कापडाखाली काय चालले आहे ते त्याला कळत नसे, आणि इतर खरेदीदारांनाही कळत नसे. हत्त्याच्या समर्थकांजवळही युक्तिवाद होतेच: प्रत्येक खरेदीदार मोकळेपणाने आपला भाव सांगू शकतो, कोणाची भीड पडत नाही, कोणावर सक्ती नाही. तरीही समाजाने ही पद्धत हळूहळू मोडीत काढली. हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने १८८६ साली वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाचा बाजार नियमांखाली आला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९३९ साली मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजार कायदा झाला. या दीर्घ वाटचालीतून कापडाखालचा भाव जाऊन उघड लिलाव आला. त्यामागील सूत्र इतकेच होते की, ज्याचे हित गुंतले आहे त्याला भाव ऐकू आला पाहिजे.

सवलतीचा गुप्त प्रस्ताव हा या हत्त्याचाच नवा अवतार आहे, असे आम्हांस वाटते. फरक इतकाच की कापडाच्या जागी काच आली आहे. आणि येथेच नातवाच्या 'हाके'चे उत्तरही मिळते. पायऱ्या उतरणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार जी हाक मारी, ती चारचौघांत मारी. दुकानात बसलेल्या दुसऱ्या बाईला ती ऐकू जाई, आणि ती लगेच म्हणे, 'त्यांना देता तर मलाही त्याच भावाने द्या.' दुकानदार गिऱ्हाइकाचे डोळे वाची, तसे गिऱ्हाईकही दुकानदाराचा चेहरा वाची. खेळ दोघांचा होता आणि दोघांना त्याचे नियम ठाऊक होते. पडद्यावरील बाजारात आपण काय पाहिले, किती वेळ पाहिले, टोपलीत टाकून केव्हा काढले, हे समोरच्या बाजूला कळते. समोरच्याच्या मनात काय आहे, हे आपल्याला कळत नाही. डोळ्यांत आवड दिसू न देण्याची आजीची विद्या तेथे चालत नाही, कारण बोटानेच आवड सांगून टाकलेली असते. हाक उरली आहे, पण ती चारचौघांतली न राहता कानात सांगितलेली झाली आहे.

आता कारणाचा विचार. तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी खरेदी-विक्रीच्या न्यायाविषयी एक सूक्ष्म भेद सांगितला आहे. वस्तू देऊन टाकल्याने विक्रेत्याचे काही विशेष नुकसान होत असेल, तर त्याने किंमत वाढवून घेणे योग्य. पण ग्राहकाला त्या वस्तूची विशेष गरज आहे एवढ्याच कारणासाठी त्याने किंमत वाढवू नये, कारण ती गरज विक्रेत्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही ते विकता येत नाही. आपल्याकडे 'गरजवंताला अक्कल नसते' असे म्हणतात; अ‍ॅक्वायनस यांचे म्हणणे असे की, त्याची ती हरवलेली अक्कल हा आपल्या नफ्याचा भाग होऊ देऊ नये. आपल्याकडील अर्थशास्त्रातही कौटिल्याने व्यापाऱ्याच्या नफ्याला देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० अशी मर्यादा घातली आहे. ग्राहक किती देऊ शकतो यावर ती सोडलेली नाही.

सवलतीच्या प्रस्तावाला हा भेद लावून पाहिला की एक विचित्र गोष्ट दिसते. येथे किंमत वाढविली जात नाही, कमी केली जाते. म्हणून तो औदार्यासारखा दिसतो. परंतु ती कमी होते कोणासाठी? ज्याने घेतली नाही त्याच्यासाठी. ज्याला वस्तू मनापासून हवी होती, किंवा ज्याने विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, तो पूर्ण किंमत देऊन मोकळा झालेला असतो. म्हणजे सवलत दिसते त्याच्या मागच्या बाजूस एक न दिसणारा दंड आहे, आणि तो विश्वासाला झालेला दंड आहे. आजोबांना जे बोचत होते ते हेच. त्या गृहस्थांनी घासाघीस केली नाही, ती त्यांना घासाघीस येत नव्हती म्हणून नव्हे. या घराने सांगितलेला आकडा खरा असणार, असे त्यांनी धरून चालले. त्यांनी दिलेल्या ४,००० रुपयांत खुर्चीची किंमत ३,००० होती, आणि उरलेले १,००० आपल्या घराच्या नावाचे होते, असे आजोबांना वाटले असेल तर त्यांना दोष कसा द्यावा?

मात्र येथे आणखी एक भेद करणे न्यायाचे ठरेल, आणि तो सिसेरो या रोमन ग्रंथकाराने आपल्यासाठी करून ठेवला आहे. कर्तव्याविषयीच्या आपल्या ग्रंथात तो एक प्रसंग कल्पितो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक प्रामाणिक व्यापारी धान्याचे गलबत घेऊन तेथे पोहोचतो. वाटेत त्याने धान्याने भरलेली आणखी गलबते त्याच बेटाकडे येताना पाहिली आहेत. हे तेथील लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? स्टोइक पंथातील डायोजिनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचा गुरुबंधू नव्हे तर शिष्य असलेला अँटिपेटर म्हणतो, ज्यांचे हित त्यात गुंतले आहे त्यांना सांगितलेच पाहिजे. सिसेरो स्वतः अँटिपेटरच्या बाजूने झुकतो. मौन प्रत्येक वेळी लपवाछपवी नसते, हे त्यालाही मान्य आहे. परंतु ज्याला ते कळण्यात हित आहे, त्याला आपल्या लाभासाठी अंधारात ठेवणे ही लपवाछपवीच, असा त्याचा निवाडा आहे.

या कसोटीवर दोन विक्रेते निराळे पडतात. पहिला विक्रेता योग्य वाटेल ती किंमत ठेवतो, वस्तू विकली जात नाही, आपला अंदाज चुकला हे त्याला कळते आणि तो किंमत उतरवितो. त्याच्या जहाजावरून त्याला कोणतीही येणारी गलबते दिसलेली नव्हती. दुसरा विक्रेता पहिल्या दिवशीच ठरवून बसतो की, भोळ्यांकडून चार घ्यावयाचे आणि चोखंदळांना आठवड्याने तीनला द्यावयाचे. त्यासाठी तो मुळातच किंमत फुगवून ठेवतो. त्याला गलबते दिसत आहेत आणि तो गप्प आहे. बाहेरून दोघांचा प्रस्ताव शब्दशः सारखा असेल. पहिल्याचा व्यवहार शुद्ध आहे; दुसऱ्याच्या तराजूत खोट आहे. आमच्या उदाहरणातील नातू बहुधा पहिल्या प्रकारचा होता. त्याने पूर्वयोजनेने कोणाला फसविले नाही. त्याच्या हातून राहिले ते इतकेच की, उतरलेला भाव त्याने उघड सांगितला नाही.

मोठ्या व्यापाऱ्यांनाही या प्रश्नाने चकविलेले आहे. सप्टेंबर २००० मध्ये अ‍ॅमेझॉनने एकच चित्रपटाची डीव्हीडी निरनिराळ्या ग्राहकांना निरनिराळ्या किमतीला दाखविली. ग्राहकांनी आपसांत ताडून पाहिले, गवगवा झाला, आणि कंपनीला ६,८९६ ग्राहकांना सरासरी ३.१० डॉलर परत करावे लागले. रक्कम क्षुल्लक होती. लोक दुखावले ते पैशाने नव्हे. आपल्या पाठीमागे दुसऱ्याला निराळा भाव सांगितला गेला, या जाणिवेने. आपल्या देशातही २०२० साली ग्राहक संरक्षण कायद्याखाली ई-कॉमर्सचे नियम आले. एकाच वर्गातील ग्राहकांत भेदभाव करण्यास आणि मनमानी वर्गवारी करून त्यांच्या हक्कांना बाध आणण्यास त्यांनी ई-कॉमर्स संस्थांना मनाई केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्राहकाला भुलविणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी मार्गदर्शक तत्त्वांच्या रूपाने जाहीर केली. खोटी घाई निर्माण करणे आणि नको तितक्या वेळा टोचणी लावणे, या दोन्ही तीत आहेत. हे नियम हवेतच. परंतु सहा खुर्च्या विकणाऱ्या घरापर्यंत कायद्याचा हात पोहोचेपर्यंत खुर्च्या केव्हाच गेलेल्या असतात. तेथे राखण करावयाची ती ज्याची त्यानेच.

या व्यवहाराचा ग्राहकाच्या स्वभावावर होणारा परिणामही आम्हांस चिंतेचा वाटतो. वस्तू आवडली तरी टोपलीत टाकून सोडून द्यावी, दोन दिवसांत सवलत येतेच, अशी युक्ती तरुण मुले एकमेकांना शिकवितात. त्यांना दोष देता येत नाही. बाजाराने शिकविले ते ती शिकली. परंतु त्यामुळे सरळ 'मला हे हवे आहे' म्हणणारा मनुष्य मूर्ख ठरतो आणि आढेवेढे घेणारा शहाणा ठरतो. विक्रेता किंमत फुगवितो, कारण ग्राहक थांबणार हे त्याला ठाऊक आहे. ग्राहक थांबतो, कारण किंमत फुगविली आहे हे त्याला ठाऊक आहे. दोघेही आपापल्या परीने सावध, आणि दोघांच्यामध्ये खरे बोलण्यास जागाच उरलेली नाही. आपले पूर्वज होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या चाकरीसाठी परमुलखात आले, तेव्हा तेथील बाजाराची भाषाही त्यांना परकी होती. अशा ठिकाणी त्यांचा संसार चालला तो वहीवर लिहिलेल्या उधारीवर आणि एकमेकांच्या शब्दावर. त्या शब्दाची किंमत आपण जाणतो, म्हणून तो झिजताना पाहणे आपल्याला जड जाते.

मग प्रस्ताव धाडूच नये काय? आम्ही इतके कठोर होणार नाही. काही साध्या मर्यादा पाळल्या तर तो धाडण्यात कमीपणा नाही. मूळ किंमत खरी असावी. सूट दाखविण्यासाठी फुगविलेली नसावी. ज्यांनी सारखीच आवड दाखविली, त्या सर्वांना सारखाच प्रस्ताव जावा. नाव, गाव किंवा मोबाईलचा प्रकार पाहून तो बदलू नये. मुदत सांगितली तर ती खरी असावी. मुदत संपल्यावर तोच प्रस्ताव पुन्हा नव्या मुदतीने जात असेल, तर पहिली मुदत असत्य होती. एकदा विचारावे, पुन्हा पुन्हा टोचू नये. वस्तूकडे पाहणे म्हणजे आपल्याला हाक मारण्याची परवानगी देणे नव्हे. आणि भाव उतरवावयाचाच असेल, तर शक्यतो तो सर्वांसमोर उतरवावा. एखाद्या गरजू विद्यार्थ्याला टेबल कमी पैशात द्यावेसे वाटले तर अवश्य द्यावे; पण ते द्यावयाचे कारण कोणालाही सांगता येईल असे असावे.

या सर्वांचे सार एका प्रश्नात सांगता येईल. ज्याने पूर्ण किंमत दिली, तो समोर बसला असताना हा नवा भाव मोठ्याने उच्चारता येईल काय? येत असेल, तर तो निःशंकपणे धाडावा. येत नसेल, तर चूक आकड्यात नाही, दुसरीकडे कोठेतरी आहे. आमच्या उदाहरणातील आजोबांना यातून मार्गही सापडतो. त्यांनी त्या गृहस्थांना आपण होऊन सांगावे की, उरलेल्या खुर्च्या आठवड्याने तीन हजारांना गेल्या, आणि फरकाचे दोन हजार त्यांच्यापुढे ठेवावेत. गृहस्थ बहुधा ते घेणार नाहीत. आठवडाभर आधी खुर्ची मिळाली, त्याचेही मोल आहे, असे म्हणतील. ते घेवोत वा न घेवोत, कानात सांगितलेला भाव त्यांच्याही कानी गेला, आणि तराजू पुन्हा सारखा झाला.

बाजाराला यंत्राची जोड मिळाली, म्हणून बाजाराचा धर्म यंत्राकडे सोपविता येत नाही. यंत्र फक्त विचारते: इतक्या जणांनी ही वस्तू पाहिली, त्यांना कमी भाव सांगावा काय? 'हो' म्हणणारे बोट आपलेच असते.